संचायक विद्युत् घट व नवीकरणीय ऊर्जा

संचायक विद्युत् घट व नवीकरणीय ऊर्जा : विद्युत् ऊर्जा रासायनिक ऊर्जेच्या रूपात साठवून ठेवणाऱ्या व हवी तेव्हा ती पुन्हा विद्युत् रूपात देणाऱ्या घटास संचायक किंवा द्वितीयक घट म्हणतात. विजेरीतील नेहमीचा कोरडा घट संपला की टाकून द्यावा लागतो, कारण त्यातील रासायनिक विक्रिया समाधानकारक रीतीने उलटविता येत नाही. तो प्राथमिक घट होय. संचायक घटात बाहेरून उलट दिशेने प्रवाह सोडल्यास विक्रिया उलटते व घट पूर्वस्थितीस येतो. अशा अनेक घटांच्या जोडणीस घटमाला व व्यवहारात बॅटरी म्हणतात. शंभराहून अधिक वर्षे या घटांचे मुख्य काम मोटारगाडी सुरू करणे, दूरध्वनी केंद्रांना व रुग्णालयांना आणीबाणीच्या वेळी वीज पुरविणे यांसारखे दुय्यम स्वरूपाचे होते. सूर्य व वारा यांपासून मिळणाऱ्या विजेचा वाटा वाढू लागल्यावर, साधारणपणे २०१० नंतर, ते वीजपुरवठ्याच्या जाळ्याचा एक प्रमुख घटक म्हणून पुढे आले.

संचयनाची गरज : तारांच्या जाळ्यात वीज साठून राहत नाही. कोणत्याही क्षणी जितकी वीज वापरली जाते तितकीच त्या क्षणी निर्माण व्हावी लागते. हा तोल ढळला की प्रत्यावर्ती प्रवाहाची कंप्रता (भारतात दर सेकंदास ५० आवर्तने) बदलते व तोल फारच ढळल्यास संच आपोआप बंद पडून मोठा प्रदेश अंधारात जातो. कोळशाच्या केंद्रात वाफेचे प्रमाण कमीजास्त करून आणि जलविद्युत् केंद्रात पाण्याचा प्रवाह नियंत्रित करून निर्मिती मागणीमागे नेता येते. सूर्याला व वाऱ्याला असे नेता येत नाही. सौर विद्युत् घटांची निर्मिती दुपारी कळसास पोहोचते व सूर्यास्ताबरोबर शून्यावर येते. घरोघरी दिवे, पंखे व स्वयंपाकघरातील उपकरणे चालू होतात ती नेमकी त्याच सुमारास. त्यामुळे संध्याकाळच्या दोन-तीन तासांत इतर केंद्रांना आपली निर्मिती फार वेगाने वाढवावी लागते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ही अडचण २०१३ च्या सुमारास ठळकपणे पुढे आली. तेथे दुपारी इतर केंद्रांवरील भार खोल खाली जातो व संध्याकाळी एकदम उंचावतो. या आलेखाची आकृती बदकासारखी दिसते म्हणून त्यास ‘बदक-वक्र’ असे नाव पडले.

निर्मिती व मागणी यांतील विसंगती तीन प्रकारची असते. ढग आल्याने किंवा वारा पडल्याने काही सेकंदांची वा मिनिटांची तूट येते. दिवस व रात्र यांमुळे काही तासांची तूट येते. आणि ऋतूंमुळे काही महिन्यांची. सह्याद्रीच्या पठारांवर, उदा., सातारा जिल्ह्यात, पवनचक्क्यांना मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात भरपूर वारा मिळतो. त्याच काळात आकाश ढगाळ असल्याने सौर वीज घटते. ही दोन साधने काही प्रमाणात एकमेकांस पूरक ठरतात, तथापि ऋतुमानाची तूट त्यांनी पूर्णपणे भरून निघत नाही. संचायक घट पहिल्या दोन प्रकारच्या तुटींवर उत्तम उपाय आहेत, तिसऱ्यावर नाहीत. याचे कारण रसायनशास्त्रात नसून हिशोबात आहे. समजा, एक युनिट (१ किलोवॉट-तास) वीज साठविणाऱ्या घटमालेस १०,००० रुपये खर्च आला. ती ५०० वेळा भरून रिकामी करता आली तर दर युनिटामागे साठवणुकीचा खर्च २० रुपये येईल. ५,००० वेळा करता आली तर तोच २ रुपयांवर येईल (व्याज व गळती सोडून). परंतु तीच घटमाला पावसाळ्यासाठी राखून वर्षातून एकदाच वापरली व ती १५ वर्षे टिकली, तर खर्च दर युनिटास सहाशे रुपयांच्या वर जाईल. म्हणून घटाची पहिली किंमत पाहून त्याच्याविषयी मत बनविणे चुकीचे ठरते. त्याचे आयुष्य किती आवर्तनांचे आहे व तो रोज कामास येतो की नाही, या दोन गोष्टींवर सर्व काही अवलंबून असते.

साठवणुकीची गरज मुळातच कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे मागणी दिवसाकडे वळविणे. महाराष्ट्रात शेतीपंपांना दीर्घकाळ आळीपाळीने दिवसा व रात्री वीज दिली जात असे आणि रात्रीच्या पाळीत शेतकऱ्याला अंधारात, साप-विंचवांचे भय पत्करून पिकाला पाणी द्यावे लागे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच्या सौर प्रकल्पातून शेतीच्या वाहिन्यांना दिवसा वीज देण्याची कल्पना आहे. येथे पिकाच्या मुळाशी पोहोचलेले पाणी हीच साठवण होय आणि तिच्यासाठी घटाची आवश्यकता नाही.

पाण्याच्या रूपातील साठवण : घटांचे मोल समजण्यासाठी त्यांची तुलना जुन्या व परिचित पद्धतीशी करणे उपयुक्त आहे. एक युनिट ऊर्जेत एक टन पाणी सुमारे ३६७ मी. उंचीवर चढविता येते. उदंचन साठवण केंद्रात हेच केले जाते. वीज मुबलक असताना खालच्या जलाशयातील पाणी पंपाने वर चढवितात व मागणी वाढल्यावर ते टरबाइनांतून खाली सोडतात. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात सह्याद्रीच्या कड्यावर असलेल्या घाटघर येथे वरचा जलाशय व कड्याखाली ठाणे जिल्ह्यात खालचा जलाशय असून तेथील केंद्राची क्षमता २५० मेगावॉट आहे. अशा केंद्रांत घातलेल्या विजेपैकी ७० ते ८० टक्के परत मिळते व बांधकाम अनेक दशके टिकते. मात्र त्यासाठी योग्य कडा, पाणी व पुष्कळ वर्षे लागतात आणि वनभूमी बुडते [⟶ जलविद्युत् केंद्र]. याउलट तेच एक युनिट शिसे-अम्ल घटमालेत साठविण्यास सुमारे २५ ते ३३ किग्रॅ. आणि लिथियम-लोह फॉस्फेट घटांत सुमारे ६ किग्रॅ. वजन पुरते व ती घटमाला कोठेही, काही महिन्यांत उभारता येते.

शिसे-अम्ल घट : फ्रेंच भौतिकीविज्ञ गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये शिशाचे दोन पत्रे मध्ये निरोधक पट्ट्या घालून गुंडाळले व विरल सल्फ्यूरिक अम्लात बुडविले. हा पहिला व्यवहार्य संचायक घट. तो भरण्यासाठी त्या वेळी प्राथमिक घटच वापरावे लागत, कारण उपयुक्त जनित्रे पुढील दशकात आली. साठवणीचे साधन असे साठविण्याजोग्या विजेच्या आधीच तयार झाले होते. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी पत्र्यावर शिशाच्या ऑक्साइडाचा लगदा थापण्याची युक्ती काढली. त्यामुळे पत्रे तयार करण्यास लागणारे महिने वाचले व कारखान्यात उत्पादन शक्य झाले.

भारित अवस्थेत या घटाचे धन अग्र शिशाच्या डायऑक्साइडाचे व ऋण अग्र सच्छिद्र शिशाचे असते. वीज काढून घेताना दोन्ही अग्रांवर शिशाचे सल्फेट तयार होते व अम्ल खर्ची पडून पाणी वाढते. भारण करताना हे सर्व उलट होते. म्हणूनच अम्लाच्या विशिष्ट गुरुत्वावरून घट किती भरला आहे हे कळते. पूर्ण भारित घटात ते सुमारे १.२८ असते. दर घटाचा विद्युत् दाब सुमारे २ व्होल्ट असतो व मोटारीच्या १२ व्होल्टच्या घटमालेत असे सहा घट एकसरी जोडलेले असतात. घट रिकामा करून तसाच ठेवला तर सल्फेटाचे बारीक स्फटिक मोठे व कठीण होतात आणि भारणाने विरघळेनासे होतात. घरगुती इन्व्हर्टरच्या घटमाला अकाली निकामी होतात त्या बहुधा याच कारणाने किंवा वेळेवर ऊर्ध्वपातित पाणी न घातल्याने. दोष बहुतेक वेळा उत्पादनाला दिला जातो. हा घट स्वस्त, खात्रीचा व पूर्णपणे पुनर्चक्रित करता येणारा आहे. परंतु दर किग्रॅ.मागे ३० ते ४० वॉट-तास एवढीच ऊर्जा आणि खोलवर रिकामा केल्यास मोजक्या शेकड्यांत संपणारे आयुष्य यांमुळे रोज रात्री रिकामे व्हावयाच्या कामास तो महाग पडतो.

निकेलयुक्त घट : स्वीडनमधील वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये निकेल-कॅडमियम घट तयार केला व अमेरिकेत टॉमस एडिसन यांनी १९०१ च्या सुमारास निकेल-लोह घटाची एकस्वे घेतली. दोन्हींत विद्युत् विच्छेद्य क्षारीय असते. निकेल-लोह घट अत्यंत टणक, पण त्यातील वीज लवकर झिरपून जाते. कॅडमियम विषारी असल्याने त्या घटांचा वापर अनेक देशांत मर्यादित झाला व त्यांची जागा निकेल-धातू हायड्राइड घटांनी घेतली. १९९७ मध्ये जपानमध्ये आलेल्या पहिल्या संकरित मोटारगाड्यांत हेच घट होते. मोठ्या प्रमाणावरील वीज साठवणुकीत या कुटुंबाला महत्त्वाचे स्थान मिळाले नाही.

लिथियम-आयन घट : लिथियम हा सर्वांत हलका धातू असून इलेक्ट्रॉन देण्याची त्याची प्रवृत्ती फार तीव्र असते (प्रमाण विद्युत् अग्र वर्चस् -३.०४ व्होल्ट). त्यामुळे कमी वजनात जास्त ऊर्जा साठविण्यास तो आदर्श वाटतो. पण पाण्याशी त्याची जोरदार विक्रिया होत असल्याने जलीय विद्रावाऐवजी कार्बनी विद्रावक वापरावे लागतात. १९७० नंतरच्या दशकात, खनिज तेलाच्या टंचाईच्या काळात, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी टिटॅनियम डायसल्फाइडाच्या स्तरांमधील फटींत लिथियम आयन शिरून बसतात व पुन्हा बाहेर निघतात, या गुणाचा उपयोग करून घट बनविला. त्याचे ऋण अग्र लिथियम धातूचेच होते. वारंवार भारण केल्यावर धातूवर सुयांसारखे अंकुर वाढत, ते समोरच्या अग्रास टेकत आणि घट पेट घेई.

१९८० मध्ये ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी सल्फाइडाऐवजी कोबाल्टाचे ऑक्साइड वापरून सुमारे ४ व्होल्टचा दाब मिळविला. १९८५ मध्ये जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी ऋण अग्रासाठी लिथियम धातू पूर्णपणे टाळून कार्बनयुक्त पदार्थ वापरला. आता दोन्ही बाजूंस लिथियमासाठी घरे होती आणि आयन भारणाच्या वेळी एकीकडे व विसर्जनाच्या वेळी दुसरीकडे, झोपाळ्यासारखे, ये-जा करीत. १९९१ मध्ये सोनी या जपानी कंपनीने असे घट बाजारात आणले. तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्या वेळी ९७ वर्षांचे असलेले गुडइनफ हे पारितोषिकाचे सर्वांत वयोवृद्ध मानकरी ठरले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

वीजजाळ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा शोध मात्र त्यानंतरचा आहे. १९९७ मध्ये टेक्सस विद्यापीठात ए. के. पाधी, के. एस. नंजुंडस्वामी व गुडइनफ यांनी लिथियम-लोह फॉस्फेट हे धन अग्राचे द्रव्य म्हणून सुचविले. त्यात महाग कोबाल्ट व निकेल नाहीत. शिवाय फॉस्फरस व ऑक्सिजन यांचा बंध बळकट असल्याने घट तापला तरी ऑक्सिजन सहज मुक्त होत नाही व आगीचा धोका कमी होतो. हे द्रव्य विजेचे मंद संवाहक असल्याने प्रथम फारसे उपयुक्त वाटले नव्हते. त्याचे कण अतिशय बारीक करून त्यांवर कार्बनाचा थर दिल्यावर ही अडचण दूर झाली. त्याचा दाब (सुमारे ३.२ व्होल्ट) व दर किग्रॅ.मधील ऊर्जा निकेलयुक्त प्रकारांपेक्षा कमी असते. भ्रमणध्वनीत हा दोष ठरेल. जमिनीवर ठेवलेल्या साठवण केंद्रात वजनाला महत्त्व नसते, तेथे काही हजार आवर्तनांचे आयुष्य अधिक मोलाचे ठरते.

कोणताही लिथियम घट हळूहळू झिजतो. पहिल्या काही भारणांत कार्बनाच्या अग्रावर विद्युत् विच्छेद्याच्या विघटनाने एक पातळ पटल तयार होते. ते घटाचे रक्षण करते, पण सावकाश जाड होत राहून उपयुक्त लिथियम गिळते. उष्णतेने ही क्रिया वेगावते. विदर्भ किंवा राजस्थानच्या उन्हाळ्यात साठवण केंद्रास शीतन यंत्रणा लावावी लागते व तीही काही वीज खाते.

किंमत व प्रसार : २०१० च्या सुमारास लिथियम-आयन घटमालेची जागतिक सरासरी किंमत दर युनिट क्षमतेस हजार अमेरिकन डॉलरांहून अधिक होती, २०२४ मध्ये ती सुमारे ११५ डॉलरांवर आली. हा फरक एखाद्या एकाच शोधाने पडलेला नाही. विद्युत् मोटारगाड्यांसाठी उभारलेले प्रचंड कारखाने, विशेषतः चीनमधील, आणि उत्पादन प्रक्रियेतील शेकडो लहान सुधारणा हे त्याचे कारण होय.

साठवण केंद्राचे वर्णन दोन आकड्यांनी करावे लागते व वृत्तपत्रांत त्यांची नेहमी गल्लत होते. मेगावॉट हा आकडा केंद्र एका वेळी किती शक्ती देऊ शकते ते सांगतो, तर मेगावॉट-तास हा एकंदर साठा सांगतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात सप्टेंबर २०१६ मध्ये वादळाने पारेषण मनोरे कोसळून सर्व राज्याची वीज गेली. त्यानंतर वर्षभराने, २०१७ च्या अखेरीस, हॉर्न्सडेल येथे १०० मेगावॉट व १२९ मेगावॉट-तास क्षमतेची घटमाला सुरू झाली. तिचा साठा जेमतेम सव्वा तास पुरणारा, परंतु कंप्रता घसरताच सेकंदाच्या अंशात ती वीज देऊ लागते. इतक्या त्वरेने कोणतेही बाष्प टरबाइन प्रतिसाद देऊ शकत नाही. संध्याकाळची तूट भरण्यासाठी मात्र दोन ते चार तासांचा साठा लागतो. कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये अशा घटमालांची एकूण क्षमता १०,००० मेगावॉटवर गेली.

भारतात दिल्लीतील रोहिणी येथे २०१९ मध्ये १० मेगावॉटची घटमाला वितरण जाळ्यास जोडली गेली. गुजरातमधील मोढेरा हे सूर्यमंदिरासाठी प्रसिद्ध असलेले गाव २०२२ मध्ये सौर प्रकल्प व घटमाला यांच्या साह्याने दिवसरात्र सौर विजेवर चालणारे गाव म्हणून जाहीर झाले. छत्तीसगढमधील राजनांदगाव येथे २०२४ मध्ये सौर प्रकल्पास जोडलेली ४० मेगावॉट, १२० मेगावॉट-तास क्षमतेची घटमाला कार्यान्वित झाली, म्हणजे सूर्यास्तानंतर तीन तास पूर्ण शक्तीने पुरेल इतकी. २०२५ मध्ये देशाच्या स्थापित विद्युत् क्षमतेपैकी निम्मी क्षमता खनिज इंधनाखेरीज अन्य साधनांची झाली. प्रत्यक्ष निर्मितीत मात्र कोळशाचाच वाटा मोठा राहिला, कारण सौर प्रकल्प वर्षभराच्या सरासरीने आपल्या क्षमतेच्या सुमारे एक-पंचमांश इतकीच वीज देतो. त्याच वर्षी केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाने नव्या सौर प्रकल्पांच्या निविदांत प्रकल्पाच्या क्षमतेच्या किमान दहा टक्के व दोन तास पुरेल इतकी साठवण समाविष्ट करण्याची सूचना केली.

अन्य प्रकार : प्रवाही घटात ऊर्जा अग्रांत न साठता टाक्यांतील विद्रावांत साठते. १९८०–९० या दशकात ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मारिया स्कायलास-काझाकोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या प्रकारात दोन्ही टाक्यांत व्हॅनेडियमाचेच, पण निरनिराळ्या ऑक्सिडीकरण अवस्थांतील विद्राव असतात. पटलातून काही द्रव्य पलीकडे गेले तरी कायमचे नुकसान होत नाही. साठा वाढवावयाचा तर टाक्या मोठ्या करणे पुरेसे असते आणि विद्राव पेट घेत नाही. व्हॅनेडियमाची किंमत व पंपांचा खर्च या त्याच्या मर्यादा होत. चीनमधील दाल्येन येथे २०२२ मध्ये १०० मेगावॉट, ४०० मेगावॉट-तास क्षमतेचे असे केंद्र जाळ्यास जोडण्यात आले.

सोडियम-आयन घटाचे कार्य लिथियम-आयन घटासारखेच असते. सोडियमाचा आयन मोठा व जड असल्याने ऊर्जा कमी साठते व ग्रॅफाइटाच्या स्तरांत तो नीट मावत नसल्याने तेथे कठीण कार्बन वापरतात. परंतु सोडियम मिठातून मिळतो आणि तांब्याच्या पत्र्याऐवजी दोन्ही अग्रांस ॲल्युमिनियम चालते. पुण्यातील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत या घटांवर संशोधन झाले असून त्याच्या सहकार्याने विकसित केलेले तंत्र २०२३ मध्ये पुण्यातील एका कंपनीने जाहीर केले. लांब समुद्रकिनारा असलेल्या व लिथियम आयात करणाऱ्या देशाच्या दृष्टीने हा प्रकार विशेष लक्ष देण्याजोगा आहे.

कच्चा माल, सुरक्षितता व विल्हेवाट : लिथियम मुख्यतः ऑस्ट्रेलियातील खनिजांपासून व चिलीतील आटाकामा वाळवंटातील खाऱ्या द्रवापासून मिळते, कोबाल्टाच्या खाणकामात काँगो लोकसत्ताक प्रजासत्ताकाचा वाटा निम्म्याहून कितीतरी अधिक आहे आणि शुद्धीकरण व घटनिर्मिती यांत चीनचे वर्चस्व आहे. तेलाच्या आयातीतून सुटण्यासाठी घटांकडे वळलेला देश त्यामुळे दुसऱ्या आयातीत अडकू शकतो. जम्मू-काश्मीरमधील रियासी जिल्ह्यात २०२३ मध्ये जाहीर झालेला ५९ लाख टनांचा साठा हा अनुमानित प्रकारचा आहे. तो किफायतशीरपणे काढता येतो हे सिद्ध झाल्याखेरीज त्यावर योजना आखणे घाईचे ठरेल. २०२४ मध्ये भारत सरकारच्या एका संयुक्त कंपनीने अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतात लिथियमाच्या पूर्वेक्षणासाठी करार केला.

घट अतितप्त झाल्यास त्यातील विक्रिया स्वतःच उष्णता निर्माण करून शेजारच्या घटास पेटवितात. जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंग येथील मोठ्या केंद्रास आग लागून परिसरातील रहिवाशांना हलवावे लागले. तेथे निकेलयुक्त घट एकाच इमारतीत दाटीने मांडलेले होते. नव्या केंद्रांत घट सुट्या पेट्यांत, मध्ये अंतर राखून ठेवतात, जेणेकरून आग एका पेटीपुरती मर्यादित राहावी. लोह फॉस्फेट घट तुलनेने सुरक्षित असले, तरी त्यांतील कार्बनी विद्रावकाची वाफ ज्वालाग्राही असते.

शिशाचे पुनर्चक्रीकरण सोपे व फायद्याचे असते. मात्र लहान, अनधिकृत भट्ट्यांत ते होते तेव्हा शिशाची धूळ व धूर आसपासच्या मातीत आणि मुलांच्या रक्तात जातो. लिथियम घटांत याच्या उलट स्थिती आहे. त्यांचे विष कमी, पण त्यांतील द्रव्ये वेगळी करणे किचकट असते. घट कुस्करून मिळणाऱ्या काळ्या भुकटीतून अम्लाच्या साह्याने कोबाल्ट, निकेल व लिथियम काढतात. लोह फॉस्फेट घटांत कोबाल्ट व निकेल नसल्याने हा खर्च भरून निघणे कठीण जाते. भारतात २००१ च्या नियमांचा भर शिसे-अम्ल घटांवर होता. त्यांच्या जागी आलेल्या २०२२ च्या नियमांनी सर्व प्रकारच्या घटांचे वापरानंतरचे संकलन व पुनर्चक्रीकरण यांची जबाबदारी उत्पादकावर टाकली असून नव्या घटांत पुनर्प्राप्त द्रव्यांचे किमान प्रमाणही टप्प्याटप्प्याने बंधनकारक केले आहे.